कुंचला आणि काच : मेजर गिल यांचा अजिंठा

छायाचित्रकाराला स्फूर्ती कशापासून होते, हा प्रश्न निघाला म्हणजे उत्तरादाखल बहुधा निसर्गाचे नाव पुढे होते. फार झाले तर एखाद्या थोर गुरूचे. डोंगरावर उतरलेली संध्याकाळ, पावसाळी आभाळ, लहान मुलाचे हसू ह्या गोष्टी छायाचित्रात शोभून दिसतात यात शंका नाही. परंतु आपल्या महाराष्ट्रातील लेण्यांची जी आरंभीची उत्तम छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांतील पुष्कळशी ज्या माणसाने काढली तो कॅमेऱ्याकडे वळला तो अशा कोणत्याही गोड कारणाने नव्हे. तो मूळचा शिपाईगडी. सरकारी हुकुमाने चित्रकार झाला. आणि वयाची पन्नाशी उलटल्यावर कॅमेरा घेऊन बसला. त्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल. सर्वसामान्य वाचकाला हे नाव ठाऊक असलेच तर ते पारू नावाच्या एका स्त्रीच्या संबंधाने ठाऊक असते. त्या कथेकडे पुढे वळावयाचे आहेच. परंतु गिलने अजिंठ्याच्या अंधारात काय पाहिले, आणि ते काचेवर उतरविताना कोणता विचार केला, हा विषय त्या कथेइतकाच, माझ्या मते तिच्याहूनही अधिक, लक्ष देण्याजोगा आहे.

अजिंठ्याविषयी आम्हां भंडाऱ्याकडील लोकांना थोडी जवळीक वाटते, तिला कारण आहे. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात ज्या राजवंशाची वंशावळ दिली आहे तो वाकाटकांचा. त्या घराण्याच्या एका शाखेची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या शिवेपलीकडचे, रामटेकजवळचे नगरधन. आणि ज्या शाखेच्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने ते लेणे कोरविले, तिचे ठाणे वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ह्या लेखांचे जे वाचन केले त्यामुळे विदर्भाचा आणि अजिंठ्याचा संबंध केवळ अभिमानाचा न राहता पुराव्याचा झाला. तेव्हा करडीसारख्या आडगावी बसून कोणी अजिंठ्यावर लिहू लागला तर त्याने परक्या मुलखात पाऊल टाकले असे होत नाही.

१८१९ च्या २८ एप्रिल रोजी मद्रासी फौजेतील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या खोऱ्यात आला, त्याला झाडीतून लेण्याची कमान दिसली, आणि आत जाऊन त्याने दहाव्या लेण्यातील एका चित्रावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ह्या प्रसंगाला ‘अजिंठ्याचा शोध’ म्हणण्याची वहिवाट पडली आहे. लेण्यांवरूनच ज्या गावाचे नाव पडले ते लेणापूर तेथून जवळच आहे. त्या गावच्या गुराख्यांना हा शोध केव्हाच लागलेला होता हे उघड आहे. पण बातमी इंग्रजीत गेली आणि तीबरोबर पाहुणे येऊ लागले. हे पाहुणे काही वेळा वटवाघळांपेक्षाही उपद्रवी ठरले. एका विद्वान डॉक्टराने तर भिंतीवरील आकृती संग्रहालयासाठी सोलून काढण्याचा प्रयत्न केला. गिलावा हातात आला तो चुऱ्याच्या रूपाने.

जेम्स फर्ग्युसन ह्या वास्तुशास्त्रज्ञाने १८३९ साली ही लेणी पाहिली आणि १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला. ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्याव्यात अशी मागणी त्यातून पुढे आली. कंपनी सरकारने ती मानली, आणि १८४४ साली मद्रासी फौजेतील कॅप्टन गिल यांची त्या कामावर नेमणूक झाली. गिलचा जन्म १८०४ चा. म्हणजे तो ह्या वेळी चाळिशीत होता. अजिंठा गावातील जुन्या बारादरीत त्याने मुक्काम केला. तेथून लेणी सुमारे सात मैल. मुलूख निजामाचा, रान वाघाचे, पावसाळ्यानंतर हिवतापाची खात्री. अशा ठिकाणी हा मनुष्य आला तो एखाद्या हंगामापुरता नव्हे. त्याचे उरलेले जवळजवळ सारे आयुष्य येथेच गेले.

नकलेचे काम म्हणजे काय असते, याची कल्पना आज फोटो काढण्याची सवय झालेल्या आपल्याला सहज येत नाही. भिंतीवरील मूळ चित्र हे गिलाव्यावर काढलेले; त्याची पुष्कळ ठिकाणी खपली गेलेली; धुराने आणि पाकोळ्यांच्या घाणीने रंग मेलेला. समोर मोठे कॅनव्हास उभे करावयाचे आणि तैलरंगांनी त्याच मापाच्या जवळपास जाणारी नकल उतरवावयाची. लेण्याच्या आत उजेड येतो तो एकाच बाजूने, म्हणजे दारातून. मागच्या भिंतीवर तो दिवसाकाठी थोडाच वेळ पोहोचतो, आणि तोही फरशीवरून उसळून, खालून वर. गिलने हा उजेड वर्षानुवर्षे पाहिला. कोणत्या लेण्यात कोणत्या ऋतूत किती वाजता कोणता खांब उजळतो, हे त्याच्याइतके त्या काळी दुसऱ्या कोणाला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. चित्रकाराचे हे शिक्षण पुढे त्याच्या छायाचित्रांच्या कामी आले असे मी समजतो. कॅमेरा हाती घेण्यापूर्वी दहा-अकरा वर्षे त्याने केवळ उजेड मोजण्याचा अभ्यास केला होता, मग त्याला कोणी अभ्यास म्हणो अगर न म्हणो.

इकडे मुंबईत निराळेच वारे वाहू लागले होते. १८५४ साली मुंबईस ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. तीत गोऱ्या अंमलदारांबरोबर काही एतद्देशीय मंडळीही होती, आणि त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे अग्रभागी होते. नारायण दाजींची छायाचित्रे सोसायटीच्या प्रदर्शनांत मांडली जात. एलफिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. आमच्या समाजाने ही नवी विद्या किती चटकन उचलली हे पाहिले म्हणजे, एतद्देशीय लोक कॅमेऱ्याला भीत असत, त्याने आयुष्य कमी होते असे मानीत असत, वगैरे ज्या गोष्टी आवडीने सांगितल्या जातात त्यांवर किती भर द्यावा याचा विचार पडतो. खेड्यांतून तशी समजूत असेलही. करडीसारख्या गावांतून माझ्या लहानपणापर्यंत फोटो म्हणजे भिंतीवर हार घालून लावलेला वडीलधाऱ्यांचा फोटो, आणि तो बहुधा त्यांच्या आयुष्यातील एकुलता एक; जत्रेत रंगविलेल्या पडद्यापुढे ताठ बसून काढलेला. पण मुंबईच्या शिकलेल्या मंडळींनी छायाचित्रणाकडे पाहिले ते शास्त्र म्हणून, आणि त्याचबरोबर इतिहासाचे साधन म्हणून.

त्याच सुमारास, १८५५ साली, कंपनीच्या डायरेक्टरांनाही ह्या साधनाचे महत्त्व पटले. त्यातही स्वस्ताईचे विशेष पटले असावे. प्राचीन इमारतींची चित्रे हाताने काढून घेण्यापेक्षा त्यांचे फोटो घ्यावेत, ते अधिक अचूक आणि कमी खर्चाचे, असे त्यांनी इकडे कळविले. मुंबई इलाख्यात तोफखान्यातील कॅप्टन बिग्ज यांची त्या कामी नेमणूक झाली, आणि त्यांच्यामागून डॉ. पिगू यांनी ते पुढे चालविले. विजापूर, बदामी, ऐहोळे येथील इमारती त्यांनी काचेवर उतरविल्या.

अजिंठ्याच्या गुहेत दहा वर्षे रंग घोटीत बसलेल्या माणसाच्या कानी ही वार्ता गेली असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल? ज्या कामाला आपण उमेद वाहिली ते काम एक लाकडी पेटी चार घटकांत करते आणि धनी तिच्यावर खूष आहे, अशी वेळ कारागिरावर आपल्या देशात पुढे किती वेळा आली हे कोष्ट्यांना आणि विणकरांना विचारावे. गिलने ह्यावर जे केले ते मला मोठे शहाणपणाचे वाटते. त्याने ती पेटी स्वतःच मागून घेतली. १८५६ च्या सुमारास तो छायाचित्रे काढू लागला, आणि तरीही कुंचला त्याने खाली ठेवला नाही.

दोन्ही का ठेवले, हे समजण्यास त्या वेळची कृती थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्या इंग्रज गृहस्थाने ओल्या कलोडियनची रीत प्रसिद्ध केली आणि ती पुढे तीस वर्षे जगभर चालली. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतावयाचा, काच चारी कोपऱ्यांकडे कलती करून तो सारखा पसरावयाचा. मग काळोखात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची. आता तिच्यावर उजेडाने परिणाम होणारा थर तयार झाला. काच ओली आहे तोवरच ती कॅमेऱ्यात घालून उजेड दाखवावयाचा, आणि ओली आहे तोवरच बाहेर काढून, पुन्हा काळोखात, औषध ओतून चित्र उमटवावयाचे. वाळली की संपले. विलायतेच्या गारव्यात ह्या साऱ्याला दहा-पंधरा मिनिटे मिळत. खानदेशच्या सीमेवरील एप्रिलमध्ये किती मिळत असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. कलोडियनमध्ये ईथर असतो, तो उन्हाळ्यात ओतता ओतताच उडून जातो. शिवाय धुण्यास निर्मळ पाणी हवे. वाघोरा नदी खाली खोल दरीत. पाणी वर आणावयाचे. काळोखी खोली म्हणून तंबू हवा. अजिंठ्यात मात्र, थट्टेने म्हणावयाचे तर, काळोख्या खोल्यांचा तुटवडा नव्हता. भिक्षूंच्या कोठड्या आयत्याच होत्या. म्हणजे काचा, बाटल्या, पाणी, तिवई ह्यांचे ओझे डोक्यावर घेऊन गडीमाणसे पुढे, आणि त्यांच्यामागून हा पन्नाशीतला गोरा अधिकारी, असा तो एकेका चित्राचा संसार.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट रंगांची. ओल्या कलोडियनची काच सर्व रंगांना सारखी पाहत नसे. निळा आणि जांभळा प्रकाश तिला चटकन लागे. तांबडा आणि पिवळा जवळजवळ लागतच नसे. त्यामुळे फोटोत निळे ते पांढरे आणि तांबडे-पिवळे ते काळे उतरे. आता अजिंठ्याच्या भिंतीवर रंग कोणते, ते पाहा. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुन्याचा पांढरा, आणि पाचव्या शतकातील लेण्यांत परदेशातून आणलेल्या लाजवर्दाचा निळा. म्हणजे सारा थाट तांबड्या-पिवळ्याचा. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे अंग ज्या उबदार मातकट वर्णात रंगविले आहे ते त्या काचेवर कोळशासारखे आले असते, आणि जेथे चित्रकाराने मोठ्या काटकसरीने निळा वापरला तेथे नुसते पांढरे डाग दिसले असते. चित्राचा अर्थच उलटला असता. काचेला सर्व रंग दिसू लागण्याची पहिली पायरी फोगल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ साली गाठली, आणि सर्व रंगांना जागणाऱ्या काचा बाजारात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

तेव्हा ‘फोटो अधिक अचूक’ हे डायरेक्टरांचे म्हणणे विजापूरच्या दगडाला लागू होते, अजिंठ्याच्या चित्राला नव्हते. गिलने आपल्या दोन विद्यांची वाटणी केली ती नेमकी ह्याच रेषेवर पडते. भिंतीवरील चित्रे कुंचल्याने. खांब, कमानी, दर्शनी भाग आणि मूर्ती काचेने. त्याने हे कोठे सिद्धान्तरूपाने मांडले असे नव्हे. परंतु त्याच्या कामातून तो विचार उघड वाचता येतो, आणि इतिहास शिकविणाऱ्याला शब्दांपेक्षा कामावरून माणूस वाचण्याचीच सवय असते. यंत्र नवे आहे म्हणून ते सर्वत्र चालविलेच पाहिजे, ह्या मोहात तो पडला नाही.

दगडाचा फोटो घेतानाही त्याने एक निवड केली, ती मला त्याच्या दृष्टीची खरी खूण वाटते. त्याची पुष्कळ छायाचित्रे स्टीरिओस्कोपसाठी काढलेली आहेत. हे यंत्र आता घरांतून नाहीसे झाले आहे, म्हणून दोन शब्द सांगतो. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे अडीच इंचांचे अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचा पदार्थ किंचित निराळा दिसतो, आणि ह्या दोन चित्रांच्या मिलाफातून आपल्याला खोलीचे ज्ञान होते. व्हीट्स्टन ह्या शास्त्रज्ञाने १८३८ साली हे तत्त्व सिद्ध करून दाखविले. त्याच अंतरावरून दोन फोटो घेऊन ते एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवावे आणि दोन भिंगांच्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहावे, म्हणजे सपाट चित्र एकाएकी आत खोल जाते. खांब पुढे येतात, गाभारा मागे सरतो. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर विलायतेत ह्या यंत्राचे वेड घरोघर पसरले होते, आणि पुष्कळांनी त्यात केवळ करमणूक पाहिली.

लेणे ही इमारत नव्हे. ती बाहेरून आत बांधीत नेलेली नसते. डोंगर पोखरून उरलेली पोकळी म्हणजे लेणे. एका भिंगाच्या साध्या फोटोत ही पोकळी काळ्या डागासारखी येते. दर्शनी खांब उजळ, आणि त्यांच्यामागे शाईचा डबा सांडल्यासारखा अंधार. ह्या पोकळीला आकार देण्याचे त्या काळी असलेले साधन म्हणजे दोन डोळ्यांचे चित्र. चैत्यगृहात उभे राहून दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा स्तूपाकडे कशा सरकत जातात, हे ज्याने रोज पाहिले त्यालाच ही गरज कळावी. करमणुकीच्या खेळण्यातून त्याने वास्तुशास्त्राचे काम करून घेतले.

१८६४ साली ही छायाचित्रे दोन पुस्तकांच्या रूपाने लंडनला बाहेर पडली. एकात लेण्यांचे चौऱ्याहत्तर फोटो, दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू आणि निसर्ग ह्यांची शंभर स्टीरिओस्कोपिक चित्रे. दोहोंचे वर्णन लिहिले फर्ग्युसनने. छापखान्यात फोटो छापण्याची सोय अद्याप नव्हती. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर प्रत्येक प्रत उन्हात उमटवून ती हाताने पानावर चिकटवावयाची, असा तो उद्योग होता. ह्या शंभर चित्रांत वेरूळ-अजिंठ्याबरोबर आमच्या वऱ्हाडातील देवळेही आहेत. लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळाचे त्याने घेतलेले चित्र ज्यांना पाहावयास मिळेल त्यांनी अवश्य पाहावे. बाह्य भिंतीवरील मूर्तींच्या रांगांवर ऊन असे तिरके पडले आहे की प्रत्येक कंगोरा मोजता यावा. हेमाडपंती देवळांकडे विद्वानांचे लक्ष जाण्यापूर्वीची ही दखल आहे. पुस्तकाच्या नावातला ‘निसर्ग’ मात्र मुख्यतः शिकारीचा. गिल हा नाणावलेला शिकारी होता, आणि मारलेल्या जनावरांचे फोटो त्याने हौसेने घेतले आहेत. ह्या भागात त्याची नजर सामान्य वाटते. जिवंत दगडापुढे जो इतका सावध, तो मेलेल्या जनावरापुढे नुसता हौशी होतो.

आता पारूविषयी. अजिंठा गावात एक थडगे आहे. त्यावरील इंग्रजी लेखात गिलने आपल्या प्रिय पारूचे नाव आणि २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख कोरविली आहे. निश्चित असा पुरावा एवढाच. त्या एका दगडावर आपल्याकडे केवढे काव्य उभे राहिले! ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य १९८४ साली आले, आणि त्यावरून नितीन देसाईंचा चित्रपट २०१२ साली निघाला. कवीने जे केले तो त्याचा अधिकार आहे. इतिहासकाराने इतकेच पाहावे की ज्या वर्षी पारू वारली, साधारण त्याच वर्षी गिलच्या हाती कॅमेरा आला. ह्या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण जोडण्यास धागा नाही. संबंध असो वा नसो, तो विलायतेत परत गेला नाही, त्याच बारादरीत राहिला, आणि पुढच्या दहा वर्षांत त्याने आयुष्यातील सर्वांत नाजूक हाताचे काम केले, हे तारखांवरून दिसते.

ह्या साऱ्या उद्योगावर जो घाला आला तो १८६६ च्या ३० डिसेंबरला. गिलने अजिंठ्याहून पाठविलेली तैलचित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली होती. त्या दिवशी त्या काचेच्या राजवाड्याच्या एका भागास आग लागली आणि जवळजवळ सर्व चित्रे जळाली. मागे राहिली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. वीस वर्षांच्या मेहनतीची राख झाली. छायाचित्रे मात्र राहिली, आणि ती अधिक मोलाची होती म्हणून नव्हे, तर त्यांच्या प्रती पुष्कळ होत्या म्हणून. एक प्रत लंडनला, एक मुंबईला, एक कोण्या सरदाराच्या दिवाणखान्यात. सर्वांना एकाच वेळी आग कशी लागावी? तैलचित्र एकच असते. गिलने ज्या कामात जीव ओतला ते जळाले, आणि ज्या कामाकडे त्या काळच्या कलावंतांनी यंत्राचे काम म्हणून नाक मुरडले असते ते टिकले. नियतीचा हा न्याय मला अजूनही पुरता पटत नाही. कारण जे जळाले त्यात ते रंग होते, जे काचेला कधी दिसलेच नाहीत, आणि ज्यांतील काही भिंतीवरूनही पुढे गळून गेले.

गंमत म्हणा की दैव म्हणा, हीच कथा पुन्हा घडली. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास हंगामामागून हंगाम नकला करीत राहिले. त्या विद्यार्थ्यांत पुढे नावारूपास आलेले पेस्तनजी बोमनजी होते. १८८५ साली साउथ केन्सिंगटनला पुन्हा आग लागली आणि त्यांतील पुष्कळ चित्रे गेली. ग्रिफिथ्सचे दोन मोठे खंड १८९६-९७ साली निघाले म्हणून त्या श्रमाचे काही तरी हाती राहिले. नकला करणाऱ्यांनी भिंतीवरील रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फासले. ते पुढे पिवळे-तपकिरी पडले, आणि निजाम सरकारने १९२० नंतर इटलीहून चेकोनी व ओर्सिनी ह्या कारागिरांना बोलावून ते काढविण्याचा प्रयत्न केला. नकल जळाली ती जळालीच, पण नकलेसाठी अस्सलाचेही नुकसान झाले, हे ह्या प्रकरणातील सर्वांत कडू पान आहे. काचेने भिंतीला निदान हात लावला नाही. लेडी हेरिंगहॅम नंदलाल बोस आदी तरुण चित्रकारांना घेऊन आल्या त्या १९०९ ते १९११ ह्या काळात. आणि हैदराबादच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी ह्यांनी १९३० पासून जे चार भाग काढले ते मात्र सर्वस्वी छायाचित्रांच्या आधारावर, रंगांसह. तोवर काचेला तांबडे दिसू लागले होते.

त्या पुढची पायरी अलीकडची. १९९० नंतर बेनॉय बहल ह्यांनी झगझगीत दिव्यांचा उपयोग न करता, लेण्यात मुळातच असलेल्या मंद उजेडात, दीर्घ अवधी देऊन अजिंठ्याची चित्रे टिपली, आणि ते रंग पाहून जाणकारही चकित झाले. दारातून येणारा, फरशीवरून उसळणारा हा तोच उजेड, ज्यात गिल कॅनव्हास मांडून बसत असे. प्राचीन चित्रकारानेही आपले रंग ह्याच उजेडाच्या हिशेबाने लाविले असले पाहिजेत. विजेच्या प्रखर दिव्याने त्यांचा तोल बिघडतो.

गिलच्या छायाचित्रांचा आज उपयोग काय, असे माझे विद्यार्थी विचारीत. उपयोग आहे तो असा. विसाव्या शतकात अजिंठ्याचे कित्येक मोडके खांब नव्याने बांधून काढले गेले, दारापुढील मातीचे ढीग उपसले, पायवाटा आणि पायऱ्या झाल्या. आज आपण जे लेणे पाहतो त्यात मूळचे किती आणि डागडुजीचे किती, हे ठरविताना १८६४ च्या त्या चौऱ्याहत्तर पानांकडे जावेच लागते. तेथे खांब तुटलेले आहेत, कमानीवर झुडपे उगवली आहेत, आणि दगडावरचे व्रण उघडे आहेत. गिलने ते झाकले नाहीत. देखाव्यासाठी चित्र सजविण्याची त्या काळच्या पुष्कळ छायाचित्रकारांना असलेली खोड त्याच्यात थोडी कमी होती. उन्हे कलून खांबावरील नक्षी उमटेपर्यंत थांबावयाचे आणि मग जे असेल ते घ्यावयाचे, एवढाच त्याचा शृंगार.

१८६६ च्या आगीनंतरही गिल अजिंठ्याचा मोह सोडू शकला नाही. १८७९ साली आजारी पडल्यावर त्याला भुसावळला नेत असता वाटेतच त्याचा अंत झाला. भुसावळच्या गोऱ्या लोकांच्या दफनभूमीत त्याचे थडगे आहे. मृत्यूची तारीख १० एप्रिल. म्हणजे ज्या ऊन्हात कलोडियन ओतता ओतता उडून जाई त्याच दिवसांतली.

त्याच्या काही छायाचित्रांत माणसे आहेत. खांबाच्या पायथ्याशी, दाराच्या उंबऱ्यावर, मूर्तीच्या पायांजवळ एखादा मनुष्य बसविलेला दिसतो. उंचीची कल्पना यावी म्हणून मोजपट्टीसारखा तो तेथे ठेवलेला असतो. फर्ग्युसनच्या वर्णनात लेण्याची लांबी-रुंदी फुटांत दिलेली आहे. त्या माणसाचे नाव दिलेले नाही. काचा वाहून आणणारा, दरीतून पाणी वर चढविणारा, तंबूचा पडदा धरून उभा राहणारा गडी तोच असण्याचा संभव पुष्कळ आहे, कारण त्या रानात दुसरे होते कोण? अर्ध्या अंधारात काचेला कित्येक सेकंद उजेड दाखवावा लागे. खांब हलत नसे. मूर्ती हलत नसे. तो मात्र श्वास घेई, मान वळवी. त्यामुळे त्या काळच्या अशा चित्रांत पुष्कळदा असे होते की मुंडासे, धोतर, गुडघ्यावर ठेवलेला हात हे स्पष्ट उमटते, आणि चेहरा तेवढा पुसट राहतो.